वीज पालटणारी विद्या

३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या हार्बर मार्गावर, बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत, हिंदुस्थानातील विजेवर चालणारी पहिली आगगाडी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या उपस्थितीत धावली, आणि या शहराच्या वाहतुकीचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्या गाडीचे, तिच्या डब्यांचे आणि तिच्या वेगाचे वर्णन मोठ्या आस्थेने केले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर तलाव बांधून खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे वीज निर्माण करणाऱ्या टाटांच्या उद्योगाची हकीकतही मराठी वाचकास अपरिचित नाही. मात्र तलाव आणि गाडी या दोहोंच्या मध्ये, लोहमार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ज्या साध्या इमारतींत विजेचे स्वरूपच पालटले जात होते, त्या उपकेंद्रांची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. आणि आज ‘पॉवर इलेक्ट्रॉनिक्स’ या नावाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे जी विद्या ठेवली जाते, तिचा पूर्ववृत्तांत नेमका त्या इमारतींच्या भिंतींआड आहे. त्या वृत्तांताचे जितके अवलोकन करावे तितकी माझी अशी खात्री होत जाते की, या विद्येतील मूळ तत्त्वे आणि बहुतेक मूळ मंडले त्यांना साजेसा खटका मिळण्याच्या कितीतरी आधीच सिद्ध होऊन बसली होती. कल्पना अगोदर आली, तिला पेलणारे साहित्य मागाहून, आणि तेही हप्त्याहप्त्याने आले.

परिवर्तनाची गरजच का पडली, हे प्रथम पाहिले पाहिजे. खोपोलीच्या वीजगृहातील जनित्रे प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन पुरे करणारा, प्रवाह निर्माण करीत होती. आणि तो तसा असणे क्रमप्राप्तच होते, कारण घाटापासून मुंबईपर्यंतचे अंतर तारेतील नुकसान आवरून काटावयाचे तर विद्युत्‌दाब लाखाच्या घरात चढवावा लागतो व मुक्कामी पोहोचल्यावर तो पुन्हा उतरवावा लागतो, आणि हे चढउताराचे काम करणारे रोहित्र फक्त प्रत्यावर्ती प्रवाहावरच चालते. उलटपक्षी गाडी ओढण्याच्या कामी त्या काळी एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या चलित्राला तोड नव्हती. ज्या चलित्रात क्षेत्राचे वेटोळे आणि फिरत्या भागाचे वेटोळे एकाच प्रवाहमार्गात जोडलेले असते, ते उभ्या अवस्थेत सर्वांत जास्त जोर लावते आणि वेग वाढत जाईल तसतसा आपला प्रवाह आपण होऊन कमी करते. भरलेली गाडी स्थानकातून हलविण्यास याहून अनुकूल स्वभाव कोणता असणार? म्हणून लोहमार्गावरील तारेत १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह खेळवावा असे ठरले, तीच तजवीज १९२८ साली बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा-बोरिवली मार्गावर अमलात आली, आणि १९२९ साली पुण्यापर्यंत व १९३० साली इगतपुरीपर्यंत तिचा विस्तार झाला.

निर्मिती एका जातीची आणि उपयोग दुसऱ्या जातीचा, अशा या पेचावर त्या काळचा तोडगा म्हणजे रोटरी कन्व्हर्टर नावाचे यंत्र. १८८८ च्या सुमारास अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी सिद्ध केलेले हे यंत्र चलित्र आणि जनित्र या दोघांचा एकाच देहात समावेश करणारे होते: त्याच्या फिरत्या भागाच्या एका टोकास अखंड कडी असून त्यांच्यावाटे प्रत्यावर्ती प्रवाह आत येई, आणि दुसऱ्या टोकास तांब्याच्या शेकडो पट्ट्यांचा दिक्‌परिवर्तक असून तेथून कार्बनच्या ब्रशांवाटे एकदिश प्रवाह बाहेर पडे. येथे खटक्याचे काम साक्षात यंत्राची गती करीत होती. प्रवाहाची दिशा ज्या क्षणी उलटावयाची त्याच क्षणी ब्रशाखालची पट्टी बदललेली असे, आणि हा मेळ बिनचूक राहावा म्हणून यंत्राला विजेच्या आवर्तनाशी पाऊल जुळवून अखंड फिरत राहावे लागे. सेकंदाला पन्नास आवर्तने हा वेग या यंत्राला जडच जाई, कारण एका ब्रशापासून लगतच्या ब्रशापर्यंतचे अंतर दिक्‌परिवर्तकाच्या पृष्ठभागाने अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात, तोडावयाचे असते. पृष्ठभागाच्या वेगाला मर्यादा असल्याने ते अंतर फार वाढविता येत नाही, आणि तेवढ्याशा अंतरात दाब जास्त झाला तर ब्रशाब्रशांमध्ये ठिणगीचा लोळ उठतो. याच कारणास्तव १५०० व्होल्ट मिळविण्यासाठी ७५० व्होल्टांची दोन यंत्रे एकापुढे एक जोडण्याचा परिपाठ होता. या यंत्रांना सुरू करणे, आवर्तनाशी जुळविणे, ब्रशांची झीज पाहणे आणि दिक्‌परिवर्तक घासून पुसून नितळ राखणे हे सर्व माणसाच्या हातचे काम होते, आणि उपकेंद्रात त्यासाठी माणसांचा राबता असे.

तथापि या अवजड यंत्राच्या अंगी एक गुण असा होता की त्याच्या पाठोपाठ आलेल्या अधिक सडपातळ उपकरणांना तो पुष्कळ काळ साधला नाही. ते दोन्ही दिशांनी चालू शके. एकदिश बाजूने त्याला वीज दिली तर ते प्रत्यावर्ती बाजूने ती परत करी, आणि त्यासाठी त्यात एक खिळाही बदलावा लागत नसे. बोरघाट आणि थळघाट येथे या गुणाचे महत्त्व काय असेल याची कल्पना सहज करता येते. तेथे चढ सदतीस फुटांस एक फूट. उतरणारी मालगाडी नुसत्या ब्रेकांच्या लाकडी किंवा लोखंडी दाबावर आवरून धरावयाची म्हणजे चाके तापून लाल व्हावयाची. घाटासाठी १९२८ पासून आणलेली मालवाहू एंजिने, ज्यांतील पहिली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे बांधली गेली आणि ज्यांच्या सांध्यांतून वळणाऱ्या चालीमुळे रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले, ती उतारावर आपल्या चलित्रांनाच जनित्र बनवीत आणि उतरणाऱ्या गाडीचे वजन विजेच्या रूपाने तारेत परत भरीत. त्या वेळी दुसरी गाडी घाट चढत असली तर ती वीज तिच्या उपयोगी पडे. विजेचा असा उलटा प्रवास सुखरूप व्हावा ही मागणी शंभर वर्षांपूर्वीच्या घाटात प्रत्यक्ष उभी होती. आजचा विद्यार्थी तिला एका अवघड नावाखाली चौथ्या वर्षी शिकतो.

एकदिश व्यवस्थेचा दुसरा उणेपणा गाडीच्या पोटात होता, आणि पुढील सर्व इतिहास समजण्यास तो नीट लक्षात ठेवला पाहिजे. एकदिश प्रवाहाला रोहित्र नाही. तारेत १५०० व्होल्ट आहेत आणि स्थानकातून हलणाऱ्या चलित्राला प्रारंभी त्याचा अल्पसा अंशच हवा आहे, तर उरलेल्या दाबाचे करावयाचे काय? त्या काळचे उत्तर असे की चलित्रांच्या मार्गात लोखंडी रोधक घालावयाचे, चलित्रे आधी एकापुढे एक व मग एकाशेजारी एक जोडावयाची, आणि वेग वाढेल तसतसे रोधक एकेक पायरीने काढून घ्यावयाचे. ज्या गाडीला दर दोनतीन मिनिटांनी थांबून पुन्हा निघावयाचे आहे, तिच्या बाबतीत याचा अर्थ असा की प्रत्येक स्थानकातून निघताना मोलाने विकत घेतलेली वीज रोधकांत जळून हवेत जावयाची. मुंबईच्या उपनगरी गाड्यांनी हा दंड अनेक दशके भरला. दाब कमी करावा पण वीज जाळू नये, एवढीच साधी इच्छा पुरी होण्यास अर्धे शतक लागले.

रोटरी कन्व्हर्टरला पहिला प्रतिस्पर्धी पाऱ्याच्या रूपाने लाभला. न्यूयॉर्कचे पीटर कूपर ह्यूइट हे पाऱ्याच्या वाफेचे दिवे बनवीत असता १९०२ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, निर्वात पात्रात पाऱ्याचे तळे हा एक ध्रुव आणि ग्रॅफाइट किंवा लोखंड हा दुसरा, अशी योजना केली तर विजेची ज्योत एकाच दिशेने टिकते, उलट दिशेने टिकत नाही. म्हणजे न फिरणारा, न झिजणारा, आपणहून उघडणारा व आपणहून मिटणारा असा एक खटका हाती आला. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दोन्ही अर्धलहरी उपयोगात आणणारी चार झडपांची जोडणी तर त्याही आधीची. पोलिश अभियंता कारोल पोलाक आणि जर्मन भौतिकीविद लिओ ग्रेट्झ यांनी ती १८९६-९७ मध्येच मांडली होती, आणि मोबाइलच्या चार्जरात आजही तीच जोडणी बसलेली असते. पाऱ्याच्या ज्योतीत दाबाचे नुकसान सुमारे वीस व्होल्टांचे असते, मग प्रवाह थोडा असो की पुष्कळ. १५०० व्होल्टांच्या हिशेबात ते दीड टक्क्याच्याही आत बसते, म्हणून जसजसा दाब मोठा तसतसा पाऱ्याचा पक्ष बळकट होत गेला. लहान कामांसाठी अनेक बाहूंचे काचेचे फुगे आणि मोठ्या कामांसाठी पोलादी टाक्या वापरल्या जात. चित्रपटगृहांतील प्रक्षेपकाच्या कार्बन-ज्योतीला एकदिश प्रवाहच मानवत असल्यामुळे तेथील यंत्रखोल्यांतही जांभळ्या-निळ्या प्रकाशाने उजळलेला असा फुगा बसविला जाई, आणि ज्यांनी तो चालू अवस्थेत पाहिला ते त्या तेजाची आठवण पुढेही काढीत राहिले.

परंतु पाऱ्याचा खरा उपकार याहून खोल आहे. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१४ च्या सुमारास असे दाखविले की, ज्योतीच्या मार्गात एक जाळी ठेवून तिला ऋण भार दिला तर ज्योत पेटण्यास मज्जाव करता येतो. एकदा पेटल्यावर मात्र जाळीची सत्ता संपते, आणि मुख्य प्रवाह शून्यावर आल्याशिवाय ती ज्योत विझत नाही. केव्हा उघडावयाचे हे आपल्या हाती, केव्हा मिटावयाचे हे मंडलाच्या हाती, अशी ही अर्धी मुखत्यारी होती. पण या अर्ध्या मुखत्यारीतून केवढा प्रदेश जिंकला गेला ते पाहण्यासारखे आहे. अर्धलहरीच्या आरंभीच झडप उघडण्याऐवजी ती थोडी उशिरा उघडली तर बाहेर पडणारा सरासरी दाब कमी होतो, आणि हा उशीर कोनाच्या भाषेत मोजला असता सरासरी दाब त्या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात बदलतो. कोन नव्वद अंशांवर गेला की सरासरी शून्य. नव्वदीच्या पुढे ती ऋण होते, आणि पलीकडे वीज ढकलणारे काही असेल तर तीच झडप, तीच जोडणी आता एकदिश बाजूकडून प्रत्यावर्ती जाळ्याकडे वीज नेऊ लागते. एका कोनाच्या फरकाने यंत्राचे प्रयोजनच उलटते. ज्या १९२५ साली मुंबईची पहिली विजेची गाडी सुटली, त्याच साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डेव्हिड प्रिन्स यांनी कंपनीच्या नियतकालिकात ‘इन्व्हर्टर’ याच मथळ्याचा लेख प्रसिद्ध करून या उलट्या क्रियेचे विवेचन केले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकदिशीकरण, त्याचे उलट रूप आणि एका आवर्तनसंख्येतून दुसरीत थेट जाणे, या सर्वांची मंडले कागदावर पूर्ण झाली होती, त्यांची गणिते ग्रंथांत छापली गेली होती आणि पुष्कळांचे प्रत्यक्ष प्रयोगही झाले होते.

त्यांना जे नव्हते ते म्हणजे भरवशाचा खटका. पाऱ्याच्या टाकीला निर्वात राखण्यासाठी पंप लागत, तापमान एका मर्यादेत ठेवावे लागे, आणि कधीकधी सर्व दक्षता घेऊनही ज्योत उलट दिशेने पेटून मंडलच जायबंदी होई. स्वीडनचे उनो लाम यांनी आयुष्याची कैक वर्षे केवळ ही उलटी ज्योत टाळण्यात घालविली, आणि त्यांच्या परिश्रमांचे फळ म्हणून १९५४ साली मुख्य भूमीपासून गोटलँड बेटापर्यंत समुद्राखालून सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या तारेतून, १०० किलोव्होल्ट दाबाने, २० मेगावॉट वीज एकदिश रूपात वाहू लागली. या देशात २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर रेल्वे चालविण्याचा निर्णय १९५७ साली फ्रान्सच्या अनुभवावरून झाल्यावर १९५९ मध्ये युरोपातून जी पहिली एंजिने आली, त्यांच्या पोटातही पाऱ्याच्याच झडपा होत्या. धावत्या, हादरणाऱ्या एंजिनात द्रव पाऱ्याचे तळे सांभाळून नेणे हे केवढे जिकिरीचे काम असेल, याचा विचार वाचकाने करावा. सिलिकॉनचे एकदिशकारक हाती येताच रेल्वेने पाऱ्याला रजा दिली.

सिलिकॉनचा प्रवेश हा या वृत्तांतातील मोठा टप्पा खरा, परंतु तत्त्वाच्या दृष्टीने तो खंड नसून सातत्य आहे. बेल प्रयोगशाळेत चार थरांच्या अर्धसंवाहक रचनेवर झालेल्या कामाचा आधार घेऊन जनरल इलेक्ट्रिकच्या न्यूयॉर्क राज्यातील क्लाइड येथील कारखान्यात गॉर्डन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली जे उपकरण सिद्ध केले, आणि ज्याला पुढे थायरिस्टर हे नाव रूढ झाले, त्याचा स्वभाव जाळीच्या पारद-झडपेशी तंतोतंत जुळणारा होता: सूक्ष्म संकेताने उघडावे आणि प्रवाह शून्यावर येईपर्यंत मिटू नये. त्यामुळे पाऱ्यासाठी तीस वर्षांपूर्वी लिहिलेली गणिते एक अक्षर न बदलता त्याला लागू पडली, आणि जे काम खोलीभर टाकी करीत होती ते तळहातावर मावेल एवढी चकती करू लागली. जेथे प्रत्यावर्ती जाळे हजर आहे तेथे प्रवाह आपोआप शून्यावर येत असल्याने अडचण नव्हती. अडचण होती ती बॅटरीसारख्या किंवा मुंबईच्या १५०० व्होल्टांच्या तारेसारख्या एकदिश उगमावर, जेथे प्रवाह स्वतःहून कधीच शून्य होत नाही. तेथे आगाऊ भरून ठेवलेले धारित्र ऐन क्षणी आडवे जोडून प्रवाह बळाने मोडावा लागे, आणि या युक्तीची निरनिराळी रूपे विल्यम मॅकमरी प्रभृतींनी १९६० च्या दशकात अशा चातुर्याने रचली की ती मंडले आज व्यवहारातून गेली असली तरी त्यांचे अध्ययन बुद्धीला तरतरी आणते.

थायरिस्टरच्या कर्तबगारीचा महाराष्ट्रातील दाखला द्यावयाचा तर चंद्रपूर-पडघे या वाहिनीचा द्यावा लागेल. विदर्भातील कोळशाच्या खाणींजवळ निर्माण झालेली वीज ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात आणून मुंबईच्या परिसराला द्यावयाची, या हेतूने बांधलेली ही सुमारे ७५२ किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून धन-ऋण ५०० किलोव्होल्ट दाबाने १५०० मेगावॉट वीज एकदिश रूपात वाहून नेण्यास समर्थ आहे. चंद्रपूरला नव्वद अंशांच्या अलीकडचा कोन, पडघ्याला पलीकडचा. प्रिन्स यांनी १९२५ साली ज्या क्रियेचे विवेचन केले तीच ही क्रिया, फक्त प्रमाण राक्षसी.

आता या विद्येच्या गाभ्याकडे वळतो, कारण इतिहासाचा ओघ समजण्यास तो आवश्यक आहे आणि आमच्या महाविद्यालयांतून तो पुष्कळदा शेवटी, घाईने उरकला जातो. समजा २४ व्होल्टांच्या उगमातून ६ व्होल्ट हवे आहेत आणि प्रवाह १० अँपिअर आहे. मध्ये रोधक घालून हे साधले तर उपयोगी पडणारी शक्ती ६० वॉट आणि जळून जाणारी १८० वॉट. मुंबईच्या जुन्या गाड्यांचे दुखणे हेच. याऐवजी मध्ये खटका घालावा आणि तो सेकंदाला वीस हजार वेळा अशा रीतीने उघडमीट करावा की प्रत्येक ५० मायक्रोसेकंदांपैकी १२.५ मायक्रोसेकंद मार्ग जोडलेला आणि ३७.५ मायक्रोसेकंद तोडलेला राहील. खटका जोडलेला असतो तेव्हा त्याच्यावर दाब नसतो, तोडलेला असतो तेव्हा त्यातून प्रवाह नसतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार दोन्ही अवस्थांत शून्य, म्हणून आदर्श खटका काहीच जाळीत नाही. उरला प्रश्न तुटक धारेला अखंड करण्याचा, आणि ते काम तारेचे वेटोळे, म्हणजे प्रवर्तक, करतो. खटका तुटलेला असताना त्याच्या प्रवाहाला वाट मिळावी म्हणून एक डायोड, आणि बाहेरचा दाब स्थिर राहावा म्हणून एक धारित्र, एवढाच काय तो सरंजाम.

प्रवर्तकाचा नियम एखाद्या सचोटीच्या मुनिमाच्या जमाखर्चासारखा आहे: स्थिर चालीत जितके व्होल्ट-सेकंद एका बाजूने जमा होतील तितकेच दुसऱ्या बाजूने खर्ची पडले पाहिजेत, शिल्लक शून्य राहिली पाहिजे, नाहीतर दर आवर्तनाला प्रवाह वाढत वाढत जाऊन काहीतरी जळेल. वरील उदाहरणात मार्ग जोडलेला असताना प्रवर्तकावर २४ वजा ६, म्हणजे १८ व्होल्ट, १२.५ मायक्रोसेकंदांपर्यंत असतात, गुणाकार २२५. तोडलेला असताना उलट दिशेने ६ व्होल्ट, ३७.५ मायक्रोसेकंदांपर्यंत; गुणाकार पुन्हा २२५. हिशेब जुळला, आणि त्या जुळण्यातूनच ६ हा आकडा निश्चित झाला. प्रवर्तक २२५ मायक्रोहेन्रीचा घेतला तर त्यातील प्रवाहाचा चढउतार बरोबर एक अँपिअरचा राहील. हाच न्याय धारित्राला प्रवाहाच्या बाबतीत लावावयाचा. ज्या विद्यार्थ्याने हे दोन समतोल मनापासून आत्मसात केले, त्याला दाब उतरविणारे, चढविणारे व उलटविणारे असे कोणतेही मंडल पुढे टाकले तरी पाटीवर दोन ओळींत सोडविता येते. ज्याने केवळ कोनाकोनाच्या लहरींची चित्रे परीक्षेपुरती घोकली, तो उपकरण बदलताच निराधार होतो. वेस्टिंगहाउसचे विल्यम न्यूएल यांनी १९७० च्या दशकारंभी या विद्येचे चित्र त्रिकोणाच्या रूपाने काढून शक्ती, इलेक्ट्रॉनिकी आणि नियंत्रण अशा तिच्या तीन बाजू सांगितल्या, त्या सांगण्यातले मर्म असे की तिन्ही बाजूंची साक्षरता असल्याशिवाय येथे पाऊल टिकत नाही. १९७६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिडलब्रुक आणि त्यांचे शिष्य स्लोबोडान चूक यांनी खटक्याच्या दोन अवस्थांची समीकरणे त्यांच्या कालावधीच्या प्रमाणात मिसळून एक सरासरी समीकरण काढण्याची रीत दिली, तेव्हा या तुटक वागणाऱ्या मंडलांना नियंत्रणशास्त्राचे सर्व जुने नियम लागू करण्याचा राजमार्ग खुला झाला.

ही रीत कागदावर जितकी निर्मळ दिसते तितकी ती प्रयोगशाळेच्या टेबलावर नसते, हेही सांगितले पाहिजे. प्रत्यक्ष खटक्याला उघडण्यास व मिटण्यास काळ लागतो आणि त्या संक्रमणात दाब व प्रवाह दोन्ही एकाच वेळी हजर असतात; डायोड वहन थांबविण्यापूर्वी क्षणभर उलटा प्रवाह वाहू देतो; तारेच्या दोन इंचांच्या तुकड्यातही एवढे प्रवर्तन असते की वेगाने तोडलेला प्रवाह तेथे दाबाचा असा सुळका उभा करतो की उपकरण फुटते. म्हणून जुन्या हाताचा संकल्पक मंडलाच्या आकृतीपेक्षा तिची मांडणी अधिक काळ पाहतो, आणि जेथे प्रवाह वेगाने तुटतो ते वेटोळे जितके लहान करता येईल तितके करतो.

हे सर्व ज्ञान ज्या खटक्याची वाट पाहत होते, तो, म्हणजे सांगितल्याबरोबर उघडणारा आणि सांगितल्याबरोबर मिटणारा, मोठा दाब व मोठा प्रवाह पेलणारा खटका, १९८० च्या दशकात आला. आधी ‘गेट’ या नियंत्रण-अग्राशी उलटा प्रवाह देऊन मिटविता येणारा थायरिस्टर आला. त्याच्यामागून मॉसफेटचे सुलभ नियंत्रण आणि द्विध्रुवी ट्रान्झिस्टरची वहनक्षमता यांचा मिलाफ करणारा आयजीबीटी आला, ज्याच्या विकासात मद्रासच्या आय. आय. टी.त शिकून अमेरिकेस गेलेले बी. जयंत बालिगा यांचा जनरल इलेक्ट्रिकमधील वाटा फार मोठा आहे. आमच्याकडील सामान्य गृहस्थाला या विद्येची ओळख झाली ती भारनियमनाच्या वर्षांत, घराच्या कोपऱ्यात बॅटरीवर बसलेल्या इन्व्हर्टरमुळे. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर पंख्याला गुणगुण करावयास लावी, आणि ती सायनसारखी गोलाईची करण्यासाठी खटक्याच्या उघडमिटीचे प्रमाण क्षणाक्षणाला बदलण्याची जी रीत महाग इन्व्हर्टरांत असे, ती ब्राउन बोव्हेरी कंपनीच्या शोनुंग आणि स्टेमलर यांनी १९६४ सालीच मांडलेली होती.

रेल्वेत हा पालट १९९५-९६ मध्ये आयात झालेल्या तीन कलांच्या चलित्रांच्या एंजिनांपासून दिसू लागला. ब्रश नाहीत, दिक्‌परिवर्तक नाही, झिजणारे काही नाही, असे प्रवर्तन-चलित्र पूर्वीपासून सर्वांना हवेच होते. पण त्याचा वेग आवर्तनसंख्येला बांधलेला असल्याने, आवर्तनसंख्या शून्यापासून हवी तितकी बदलणारा इन्व्हर्टर मिळेपर्यंत ते गाडीला निरुपयोगी होते. मुंबईच्या उपनगरी मार्गावर २००७ पासून आलेल्या गाड्यांत अशी चलित्रे आणि आयजीबीटीचे परिवर्तक होते, आणि ज्या काळात निम्म्या मार्गावर १५०० व्होल्ट एकदिश व निम्म्यावर २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती अशी दुहेरी व्यवस्था नांदत होती त्या काळात या गाड्या दोन्ही तारांखाली चालू शकत होत्या. तारा बदलण्याचे कारण उघड होते. तेवढीच शक्ती २५ किलोव्होल्टांवर नेली तर प्रवाह सुमारे सतराव्या हिश्शावर येतो, तारा हलक्या होतात आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात; बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने सोडावयाच्या तर जुन्या व्यवस्थेत तो बोजा पेलणारा नव्हता. पश्चिम रेल्वेने २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ साली आणि जेथून प्रारंभ झाला होता त्या हार्बर मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये एकदिश तारेचा निरोप घेतला.

कडेच्या इमारतींत होत असलेले परिवर्तन आता गाडीच्या तळाशी आले आहे. वरच्या तारेतून आलेला २५ किलोव्होल्टांचा प्रवाह रोहित्रातून उतरतो, एका परिवर्तकात एकदिश होतो, धारित्रांच्या एका आखूड दुव्यात काही क्षण त्या रूपात राहतो, आणि लगेच इन्व्हर्टरमधून तीन कलांचा प्रत्यावर्ती होऊन चलित्रांकडे जातो. ज्या एकदिश प्रवाहाने एके काळी कुलाब्यापासून इगतपुरीपर्यंतचे मार्ग व्यापले होते, त्याची हद्द आता हातभर तांब्याच्या पट्टीपुरती उरली आहे. या दुव्याच्या अलीकडचा परिवर्तक दोन्ही दिशांनी चालतो. ब्रेक लागला की चलित्रांची वीज त्याच वाटेने मागे येऊन तारेत शिरते आणि मागून येणाऱ्या गाडीच्या किंवा जाळ्याच्या उपयोगी पडते; रोटरी कन्व्हर्टरला जे साधत होते, आणि पाऱ्याच्या साध्या टाकीला साधत नव्हते, ते अशा रीतीने पुन्हा हाती आले. आणि हा परिवर्तक ज्या समीकरणावर चालतो ते दाब चढविणाऱ्या साध्या मंडलाचेच समीकरण आहे: रोहित्राच्या वेटोळ्यांतील प्रवर्तन हाच त्याचा प्रवर्तक, दुव्यातील धारित्र हेच त्याचे धारित्र, आणि खटका जोडलेला असताना जमा झालेले व्होल्ट-सेकंद तो तुटल्यावर खर्ची पडले पाहिजेत, हा त्याचा हिशेब दर सेकंदाला शेकडो वेळा मांडला जातो.